बैठकीला न आलेल्या बाईबद्दल

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, ठाणे
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, ठाणे
मा. जिल्हा अभियान व्यवस्थापक, उमेद, ठाणे
आणि शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांतले सर्व ग्रामसंघ व प्रभागसंघ

विषय : बचत गटांच्या जाळ्यातून प्राथमिक आरोग्यसेवा गावपाड्यांतल्या बायकांपर्यंत नेण्याबाबत

महोदय, महोदया आणि ताईंनो,

उमेद म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. त्याने बचत गटांना घालून दिलेल्या दहा सूत्रांत, म्हणजे दशसूत्रीत, आरोग्य आहे. गटाचं इतिवृत्त उघडलं तर त्याची नोंदही सापडते : ‘आरोग्य या विषयावर चर्चा करण्यात आली.’ पुढच्या आठवड्यात तीच ओळ, त्याच अक्षरात. कोणाला काय होत होतं, ती दवाखान्यात गेली का, गेली तर तिथे काय झालं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. दोष गटातल्या बायकांचा नाही. गटाची प्रतवारी होते ती बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या पाच सूत्रांवर. फिरता निधी आणि बँकेचं कर्ज त्यावर ठरतं. ज्या सूत्राला गुण नाहीत, त्याच्या वाट्याला एक ओळ येते.

आता गटांमार्फत आरोग्य तपासणी, आरोग्य निधी, विमा अशा योजनांची बोलणी पुन्हा सुरू झाली की एक हिशोब हमखास मांडला जातो : गावात गट आहेत, गटात बायका आहेत, बायका दर आठवड्याला एकत्र बसतात, म्हणजे आरोग्यसेवा आयती त्यांच्यापर्यंत पोहोचली. हा हिशोब एका जागी चुकतो, आणि हे पत्र मुख्यतः त्या जागेबद्दल आहे.

बाई आजारी पडली की ती बैठकीला येत नाही. घरात आजारपण असलं की बचतीचे पैसे आधी त्यात जातात. बचत चुकली की पुढच्या बैठकीला यायला तोंड राहत नाही, आणि कर्जाचा हप्ता थकला असेल तर त्याहून नाही. म्हणजे जिला सेवेची सगळ्यात जास्त गरज आहे तीच नेमकी त्या सतरंजीवर नसते. बैठकीत रक्तदाब मोजला तर बहुतेक करून चालत्याफिरत्या बायकांचा मोजला जातो. शिबिराच्या अहवालात आकडा चांगला दिसतो आणि उपकेंद्रावर उशिरा पोहोचणाऱ्या बायका होत्या तेवढ्याच राहतात.

म्हणून आमची पहिली मागणी एका रकान्याची आहे. गटाच्या हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणेशेजारी ‘भेट’ असा रकाना असावा. एखादी सदस्य सलग दोन बैठकांना आली नाही, किंवा हजर असूनही दोनदा बचत भरू शकली नाही, तर सात दिवसांच्या आत गावातल्या सीआरपी ताईने (गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्तीने) तिच्या घरी जावं. वसुलीचा विषय काढायचा नाही. चार प्रश्न विचारायचे : घरात कोणी आजारी आहे का, तुम्हाला काही त्रास आहे का, गोळ्या चालू होत्या त्या बंद झाल्यात का, पाळी चुकली आहे का. उत्तर ‘हो’ आलं तर आशाताईला त्याच दिवशी कळवायचं. रकान्यात फक्त भेटीची तारीख लिहायची. आजाराचं नाव हजेरीपटात कधीच येऊ नये. तो पट गटातल्या सगळ्या बायका पाहतात, कधी कोणाचा नवराही पाहतो. क्षयरोग किंवा दोन महिन्यांची गर्भार असल्याची गोष्ट अशा कागदावरून पाड्यात फुटली, तर ती बाई पुन्हा गटाजवळ फिरकणार नाही.

हा रकाना चालवताना एक भांडण ठरलेलं आहे. आशाताईच्या मानधनाचा काही भाग कामागणिक मिळतो. सीआरपी ताईने गरोदर बाई शोधून काढली आणि श्रेयही घेतलं, तर पुढच्या वेळी दोघी एकमेकींना काही सांगणार नाहीत. शोधलेली प्रत्येक बाई आशाताईच्या नोंदवहीत जावी, मोबदला तिचाच राहावा. सीआरपीला भेटीमागे वेगळं मानधन प्रभागसंघाने (गावातल्या गटांचा ग्रामसंघ, आणि अशा ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ) आपल्या व्याजाच्या उत्पन्नातून द्यावं. रक्कम लहान असली तरी चालेल, पण महिन्याच्या महिन्याला मिळाली पाहिजे.

गटात नसलेल्यांचं काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. कातकरी वस्तीतल्या पुष्कळ बायका गटात नाहीत. म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या, पूर्वी कर्ज थकवून नाव कमी झालेल्या बायकाही नाहीत. प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या हद्दीतल्या गटाबाहेरच्या घरांची यादी करावी आणि एकेका गटाला पाच-सहा घरं वाटून द्यावीत. त्या घरांतून बचत घ्यायची नाही. महिन्यातून एकदा विचारपूस, एवढंच काम. ही यादी नसेल तर बाकीची योजना मंजूर करू नका, इतकी आम्हाला ती महत्त्वाची वाटते.

आता बैठकीत काय करता येईल ते. गटाच्या बैठकीला एक गोष्ट फार चांगली जमते, आणि तिचा उपयोग आपण करत नाही. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात २० ते ४९ वर्षांच्या, गरोदर किंवा स्तनदा नसलेल्या बाईने आठवड्याला एक लाल गोळी घ्यायची असते : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. आठवड्याची गोळी आणि आठवड्याची बैठक. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं. गोळ्या घरी दिल्या की त्या कपाटावर राहतात. बैठकीत, बचत गोळा करण्याआधी, सगळ्यांनी एकत्र घेतली तर राहत नाहीत. ग्रामसंघात १२ गट आणि १२० सदस्य धरले तर वर्षाला सुमारे ६,२०० गोळ्या लागतील. हा आकडा तालुका भांडारात आधी नोंदवा. पुरवठा तिसऱ्या महिन्यात आटला तर चौथ्या महिन्यात गोळ्या आल्या तरी सवय गेलेली असते.

गोळीमागोमाग येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. शौचाला काळी होते, पोटात मळमळतं, म्हणून बंद केली. काळा रंग लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मळमळीसाठी जेवणानंतर तासाभराने घ्यायची. बैठकीत चहा असतो. गोळीच्या मागेपुढे तासभर तो नको, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. चहाऐवजी लिंबूपाणी ठेवलं तर उलट मदत होते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

गल्लत होते ती पुढे. ही आठवड्याची गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. तपासणीत जिचं हिमोग्लोबिन कमी निघालं, तिला रोजच्या गोळ्यांचा उपचार लागतो, तो वैद्यकीय अधिकारी किंवा समुदाय आरोग्य अधिकारी ठरवतील. ‘गटात मिळते ना गोळी’ म्हणून ती बाई उपकेंद्रात जाणं थांबवते. आणि महिनाभर रोज गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर गोळ्या वाढवत बसू नये. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आधी त्याची विद्राव्यता चाचणी, म्हणजे रक्ताची प्राथमिक चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची निश्चितीची चाचणी झाली पाहिजे.

हिमोग्लोबिनसाठी बोट टोचण्याचं काम सीआरपीकडे देऊ नका. बोट दाबून रक्त काढलं की त्यात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसायचा राहतो. पट्ट्यांची बाटली उघडी राहते, आणि आषाढातल्या शहापूरच्या हवेत उघड्या पट्टीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. हे काम उपकेंद्रातल्या परिचारिकेचं, म्हणजे एएनएमचं, आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं आहे, तिमाहीतून एकदा, बैठकीच्या वारी.

रक्तदाब मात्र सीआरपी ताई मोजू शकतात. डिजिटल यंत्र दोन-अडीच हजारांत येतं, ग्रामसंघाला एक पुरतं. पण पद्धत शिकवायला हवी, कारण बैठक सतरंजीवर भरते. मांडी घालून बसलेल्या बाईचा हात मांडीवर असला की दंड हृदयाच्या पातळीखाली जातो आणि आकडा जास्त येतो. अंगणवाडीतली खुर्ची लहान मुलांची असते. शाळेतली खुर्ची-टेबल मागून आणा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवली की ती दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढलेला बरा. त्यासाठी आडोसा हवा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो. आमच्याकडच्या कितीतरी बायकांचा दंड २२ पेक्षा बारीक असतो, तिथे मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो आणि वाढलेला दाब निसटतो. यंत्राबरोबर लहान पट्टा आणि मोजपट्टी द्या. तीच मोजपट्टी गरोदर बाईच्या दंडाला लावता येईल. २३ सेंटिमीटरच्या आत असेल तर तिचं नाव त्याच दिवशी अंगणवाडीत कळवायचं आणि आदिवासी गाव असेल तर अमृत आहार योजनेतलं जेवणाचं ताट तिला खरंच मिळतंय का ते पाहायचं.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा. तरी तसाच राहिला तर उपकेंद्राची चिठ्ठी. गरोदर बाईचा तसा आला तर त्याच दिवशी पाठवायचं. १६०/११० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर चिठ्ठी लिहीत न बसता १०८ ला फोन.

एक छोटी गोष्ट, पण अर्ज भरणाऱ्यांना ती माहीत असायला हवी. तिशीपुढच्या बायकांच्या तपासणी अर्जात तंबाखूचा प्रश्न आहे. ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘मशेरी लावता का’ विचारा. उत्तर बदलतं, आणि तोंडाच्या तपासणीला कोणाला आधी बसवायचं तेही कळतं.

पैशांकडे येतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तरीही बाई घरी थांबते, कारण पाड्यातून डांबरी रस्त्यापर्यंत झोळी, तिथून गाडी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि दोन वेळचं जेवण या कशालाच ती योजना लागू होत नाही. अडतं ते पहिल्या पाचशे-हजार रुपयांवर. गटाच्या खात्यात तीस-चाळीस हजार असतात. पण अंतर्गत कर्जाला बैठक लागते, ठराव लागतो, सह्या लागतात, आणि बँकेची शाखा तालुक्याला. शनिवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या तर हे सगळं सोमवारनंतर.

म्हणून ग्रामसंघाचा आरोग्य निधी हवा आणि त्याचा काही भाग रोख स्वरूपात गावातच हवा. बिहारमध्ये जीविका या उमेदसारख्याच अभियानातल्या ग्रामसंघांनी आरोग्य जोखीम निधी उभा केला आहे, तेव्हा कल्पना नवी नाही. आपल्याकडे तिचं वेळापत्रक मात्र निराळं ठेवावं लागेल. दरमहा सारखी वर्गणी ठरवली की ती आषाढात मोडते. शहापूर-मुरबाडला आषाढ-श्रावणात भाताची आवणी चालू असते, घरातलं धान्य संपत आलेलं असतं, हातात रोकड नसते आणि ताप, हगवण, सर्पदंश नेमके तेव्हाच वाढतात. त्यामुळे कार्तिक ते ज्येष्ठ हे आठ महिने प्रत्येकीने १५ रुपये भरावेत आणि पुढचे चार महिने काहीच भरू नये. वर्षाचे १२० रुपये होतात. १२० सदस्यांचे १४,४००. ज्येष्ठ संपताना यातली निम्मी रक्कम तरी शिल्लक असलीच पाहिजे, असा ठराव वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवायचा. नाहीतर पावसाळ्याच्या तोंडावर पेटी रिकामी.

ग्रामसंघाकडे अडचणीतल्या घरांसाठी येणारा जोखीम प्रवणता निधी याच कामासाठी बी म्हणून वापरता येतो. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा अबंधित, म्हणजे गरजेनुसार खर्चायचा, निधीही आहे. त्याची तारीख आणि शिल्लक ग्रामसंघाला कळली तर निदान काय उपलब्ध आहे ते तरी समजेल.

खर्चाचे नियम थोडेच, पण पक्के असावेत. गाडीभाडं ५०० रुपयांपर्यंत, परत न घेण्याचं. त्याहून जास्त लागलं तर एकूण २,००० पर्यंत कर्ज, पहिले तीन महिने बिनव्याजी. रोख ३,००० रुपये अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी जिचं घर रस्त्याला जवळ आहे तिच्याकडे, आणि एकटीच्या सहीने द्यायची मुभा. ठराव पुढच्या बैठकीत. मर्यादा ठेवली नाही तर काय होतं तेही लिहून ठेवतो. दोन-तीन घरांतल्या खासगी शस्त्रक्रियांवर, त्यातही गर्भपिशवी काढण्यासारख्या, सगळा निधी उडतो आणि बाकीच्या बायका पुढच्या वर्षी वर्गणी देत नाहीत. गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बाईला निधीतून पैसे मिळावेत ते उपजिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला जाण्याचे.

याच निधीने चिठ्ठीचं दुखणंही बरं होईल. आज गावातून पाठवलेली बाई पोहोचली का, हे गावाला कळत नाही. चिठ्ठीचे तीन भाग असावेत : एक बाईकडे, एक दवाखान्यात, तिसरा शिक्का मारून परत. त्या तिसऱ्या भागावर आजार लिहायचा नाही. ‘पोहोचली’ आणि ‘पुन्हा यायची तारीख’, इतकंच. ज्येष्ठ ते भाद्रपद सोडून बाकीच्या काळात, तातडीचा प्रसंग नसेल तेव्हा, गाडीभाडं हा तुकडा दाखवल्यावरच द्यावं. मग चिठ्ठ्या परत येतात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत सर्वांना हा शिक्का मारण्याच्या लेखी सूचना दिल्या, तरच हे चालेल. दुपारी दीडला खिडकी बंद झाली आणि शिक्का राहिला, तर बाई त्या शिक्क्यासाठी दुसरी फेरी मारणार नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ग्रामसंघातल्या चार-पाच गरोदर बायकांना एकाच जीपने नेलं तर निधीवर भार कमी पडतो आणि एकटीने जायची भीतीही जाते. गर्भाशयमुखाच्या तपासणीलाही हीच रीत. फक्त त्या खोलीला कडी आहे का आणि दिवा चालतो का, हे आदल्या दिवशी पाहून घ्या.

भट्ट्यांचं वेगळं लिहावं लागतं. दिवाळीनंतर वस्त्याच्या वस्त्या भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या सहा-सात महिन्यांत गटाच्या पटात त्या नुसत्या गैरहजर दिसतात. आम्ही सुचवलेला भेटीचा रकाना त्यांच्यासाठी निरुपयोगी आहे, हे मान्य. त्यासाठी जाण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत सीआरपीने माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घेतलंय ना ते पाहावं, भट्टी कोणत्या गावाच्या हद्दीत आहे ते विचारावं, आणि नाव प्रभागसंघामार्फत तिकडच्या प्रभागसंघाला कळवावं. एका जिल्हा परिषदेच्या हद्दीतलीच ही देवाणघेवाण आहे. यांची वर्गणी ज्येष्ठात, हिशोब झाल्यावर, एकरकमी घ्या. भट्टीवर आठवड्याची खर्ची तेवढी मिळते.

आता दोन गोष्टी करू नयेत अशा. गटाच्या ताईंना औषधविक्रेत्या करू नका. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या स्वास्थ्य सेविका औषधं आणि वस्तू विकून कमावतात, आणि ते उदाहरण आपल्याकडे कौतुकाने दिलं जातं. विक्रीवर पोट असलं की सल्लाही हळूहळू विक्रीकडे झुकतो, आणि ज्या घरात पैसा नाही तिथे पाय वळत नाही. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं, त्यात बाईच्या हातात ज्ञान होतं आणि पाठीशी गावाची मंडळं. आम्हाला ती वाट जवळची.

दुसरी गोष्ट खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांची. त्यांच्याही केंद्रबैठका गावात भरतात आणि त्यांनाही आरोग्य शिबिरं घ्यायची असतात. घ्यावीत, पण वसुलीच्या दिवशी आणि वसुलीच्या जागी नकोत. कारण वर आलंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार कर्जाव्यतिरिक्तची कोणतीही सेवा कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यायची आणि तिचं शुल्क कर्जपत्रिकेत स्पष्ट लिहायचं असतं. ‘हॉस्पिकॅश’सारखा विमा कर्जातून परस्पर कापला जात असेल, तर ती पत्रिका काढून वाचावी, हे काम ग्रामसंघ करू शकतो. असा विमा साधारणपणे भरती झालेल्या दिवसांचे पैसे देतो. बाह्यरुग्ण तपासणी, गोळ्या, गाडी यांना तो उपयोगी नाही. दावा करायचा तर घरी सोडतानाचा शिक्क्याचा कागद लागतो, आणि तो कागद पिशवीत भिजून गेलेला असतो. तपासणीचा निकाल कर्ज देताना कोणीही, कोणत्याही कारणाने पाहता कामा नये. गटानेही नाही.

सगळ्या जिल्ह्यात एकदम सुरू करू नका. शहापूरमधला एक आणि मुरबाडमधला एक प्रभाग घ्या. येत्या कार्तिकात वर्गणी सुरू होईल, म्हणजे पहिला पावसाळा येईपर्यंत निधी साठलेला असेल. त्याआधी गोळ्यांची मागणी, यंत्रं आणि लहान पट्टे, तीन भागांच्या चिठ्ठ्या आणि सीआरपींचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, त्यातला एक दिवस उपकेंद्रातच, एवढी तयारी लागेल. अहवालात शिबिरांची संख्या आणि लाभार्थ्यांची बेरीज मागू नका. फोटो तर नकोतच. सलग दोनदा गैरहजर राहिलेल्या किती बायकांच्या घरी सात दिवसांत कोणी गेलं, आणि पाठवलेल्यांपैकी किती चिठ्ठ्या शिक्का होऊन परत आल्या, हे दोन आकडे दर महिन्याला मागा. प्रतवारीत या दोन्हींना गुण द्या.

आपले,
ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात बचत गट आणि प्राथमिक आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे कार्यकर्ते, परिचारिका व लेखापाल

ता. क. हजेरीपटाचा नमुना सोबत जोडला आहे. त्यात ‘भेट’ हा रकाना ‘बचत’ आणि ‘कर्ज हप्ता’ यांच्यामध्ये न घेता मुद्दाम शेवटी घेतला आहे. छापताना तो तिथेच ठेवावा.